गळती धरणारा सीताराम

पंगतीत सीताराम येऊन बसला की वाढपी एकमेकांना खुणा करतात. बाकीचे लोक पानावर मीठ पडायची वाट बघत असतात, आणि हा मान लांब करून वाढप कुठल्या टोकाकडून सुरू होतंय ते बघत असतो. मागच्या वैशाखात नाते गावी एका लग्नात त्याने जिलबीचं ताट घेऊन निघालेल्या नवरीच्या मामाला मध्येच अडवलं. "पहिला फेरा ह्या टोकाकडनं झाला. दुसरा त्या टोकाकडनं घ्या. गळती धरा जरा," म्हणाला. मामाने घाबरून ताटाच्या बुडाला हात लावून पाहिला. मी शेजारच्याच पानावर होतो. ओळख नसल्यासारखा भात कालवत राहिलो.

गळती धरा म्हणजे वाटेत जे जे कमी होतं ते हिशेबात घ्या. पहिल्या पानावर अख्खी, गरम जिलबी पडते आणि वर वाढप्याचं हसू. चाळिसाव्या पानापर्यंत जिलबीचे तुकडे झालेले असतात, वाढप्याचा खांदा दुखत असतो आणि तो कुणाच्या तोंडाकडे बघतही नाही. सीतारामचं म्हणणं असं की ताट तेच, माणूस तोच, पण फेरा कुठून सुरू केला त्यावर शेवटच्या माणसाचं जेवण ठरतं. त्याचं हे म्हणणं चूक नाही. पण बरोबर असलेली गोष्ट पंगतीत उभं राहून सांगायची असते का, हे त्याला कुणी कधी शिकवलं नाही.

पोलादपूरच्या शाळेत आम्ही दोघं दहावीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी महाडला कारकुनीला लागलो आणि तो मुंबईला गेला. तिथे एका मोठ्या संशोधन संस्थेत, प्रकाशावर प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळेत तो मदतनीस म्हणून चिकटला. आरसे पुसायचे, भिंगं जागेवर बसवायची, लेझरचा किरण केसभर सरकला की परत आणून ठेवायचा, ही त्याची कामं. तेहतीस वर्षं त्याने तेच केलं. निवृत्त होऊन गावी आला तो कायमचा. गाव त्याला लेझरवाला म्हणतं. लग्न केलं नाही. वरच्या वाडीतल्या शेवटच्या घरात तो आणि त्याची नव्वदीची आई, द्वारकाआय, एवढीच माणसं होती.

निवृत्त माणसं पहाटे उठून गावाला ताप देतात. सीताराम दुपार टळल्याशिवाय खाली दिसायचा नाही. चारच्या सुमारास उतरायचा, माझ्या ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि दिवेलागणीला परत चढायचा. मी त्याला मुंबईची झोप अजून उतरली नाही म्हणून चिडवायचो. तो हसून चहा प्यायचा. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून हसतो.

त्या चहाच्या वेळात त्याने मला त्याच्या प्रयोगशाळेतला प्रयोग समजावून दिला. एकदा नाही, निदान पन्नास वेळा. काचेसारख्या एका चिपेत केसाहून बारीक अशा दोन वाटा शेजारी-शेजारी कोरलेल्या असतात. प्रकाश एकीतून जाता जाता दुसरीत डोकावतो, परत येतो. त्यातली एक वाट चांगली आणि दुसरी मुद्दाम गळकी केलेली. मुद्दाम का, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं सगळं संशोधनच गळतीवर होतं. जुन्या पुस्तकांत गळती नाहीच असं धरून गणितं करतात, आणि खऱ्या जगात तर सगळंच गळतं, असं मॅडम म्हणायच्या.

मला कळेना, तेव्हा त्याने मला शेतात नेलं आणि भाताच्या दोन पाटांमध्ये उभं केलं. एका पाटाचा बांध धड होता, दुसऱ्याच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलेली. "ह्या दोन पाटांतनं पानी मिळून दोन चालींनी चालू शकतं," तो म्हणाला. "आता बांधांतलं अंतर बदलत न्यायचं, भोकं बदलत न्यायची. असं करता करता एक जागा येते, जिथं दोन चालींची मिळून एकच चाल होते. त्या जागेला हात लावायचा नाय. तिला वळसा घालून परत पयल्या ठिकाणी यायचं."

मग काय होतं, असं मी विचारलं. पाय चिखलात बुडत होते आणि लवकर सुटका हवी होती.

उजव्या हाताने वळसा घातला तर प्रकाश एका चालीत बाहेर पडतो, डाव्या हाताने घातला तर दुसऱ्या. आत शिरताना तो कुठल्या चालीत होता याला किंमतच नाही. ते पुसलं जातं. गळती नसती तर वळसा कुठूनही घाला, फरक पडला नसता. गळती आहे म्हणून दिशेला अर्थ आहे. हे सांगताना सीतारामचा चेहरा असा होई की मला त्याच्या मॅडमचा हेवा वाटे.

घाण्याच्या बैलासारखा प्रकाश गोल फिरतो का रे, असं मी एकदा विचारलं. त्याने आधी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "प्रकाश सरळच जातो, वामन. वळसा घालते ती त्याची परिस्थिती." हे वाक्य मला आवडलं. घरी येऊन मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आणि बायकोने त्या कॅलेंडरच्या पुढच्या बाजूवर दुधाचे खाडे लिहिले.

हे सगळं चहापुरतं राहिलं असतं तर गावाची काही तक्रार नव्हती. पण सीतारामने ते गावकीच्या बैठकीत आणलं.

आमच्या ग्रामदेवी काळकाईची पालखी शिमग्यात घरोघर जाते. सकाळी सहाणेवरून, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावरून उठते, पाटलांपासून सुरुवात करते, खालच्या वाडीतून नदीच्या अंगाने उजव्या हाताला फिरत फिरत वर चढते आणि अंधार पडायच्या आत परत सहाणेवर बसते. घरांचा क्रम ठरलेला. त्याची यादी माझ्याकडे असते, कारण मी गावकीचा चिटणीस. माझं घर तिसरं. सीतारामचं शेवटचं. वरच्या वाडीत पालखी पोचते तेव्हा सनई-ढोलाचा खालूबाजा वाजवणाऱ्यांचे गाल दुखत असतात, पालखी नाचवणारे पाय ओढत असतात आणि मुंबईहून आलेले निम्मे चाकरमानी गाड्या धरायला निघून गेलेले असतात. गुरवबुवांचा घसा बसलेला असतो. शेवटच्या घरी देवी येते ती अशी, आठ-दहा माणसं घेऊन.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शिमग्याआधी सीताराम गावकीत उभा राहिला आणि पालखी उलट्या बाजूने फिरवावी, असं त्याने सुचवलं. वर्ष सोडून वर्ष, एकदा सुलटी, एकदा उलटी. पुढे त्याने दोन वाटा, दोन चाली, गळती, सगळं सांगितलं. लोक हसले. पाटील म्हणाले, "सीताराम, देवीला लेझरनं वाट दाखवायची वेळ अजून आली नाय रे." त्या वर्षी विषय हसण्यावारी गेला.

दुसऱ्या वर्षी त्याने पुठ्ठ्यावर आकृती काढून आणली. घरांच्या जागी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी किती माणसं उरतात त्याचे आकडे. हे आकडे त्याने आदल्या शिमग्यात पालखीमागे चालत स्वतः मोजले होते. या वेळी गुरवबुवा उठले. डाव्या हाताचा फेरा प्रेताला घालतात, जित्या देवीला नाही, एवढंच बोलून ते बसले.  सीतारामने पुठ्ठा गुंडाळला.

तिसऱ्या वर्षी तो परत उभा राहिला तेव्हा मी स्वतः त्याला खाली बसवलं. मला त्याचा राग आला होता, हे कबूल करतो. माणसाने एखाद्या गोष्टीचा किती पिच्छा पुरवावा. मनात असंही आलं की ह्या बाबाला मान हवाय, शेवटच्या घराचा पहिला व्हायचंय, आणि त्यासाठी प्रकाशाला मध्ये घेतोय. मानापायी आमच्याकडे भाऊ भावाशी बोलेनासा होतो, त्यामुळे माझा संशय काही जगावेगळा नव्हता. त्या वर्षी पालखी नेहमीच्याच वाटेने फिरली.

त्यानंतरच्या, म्हणजे गेल्या शिमग्याआधी, पाच-सहा दिवस सीताराम चहाला उतरलाच नाही. शिमग्यापूर्वी कुठल्या घरी सोयर-सुतक आहे का ते बघायला मला घरोघर जावं लागतं. वरच्या घराची चौकशी मी एरवी ओट्यावर बसूनच उरकायचो. या वेळी जाणं भाग पडलं. उन्हं चढायच्या आत जावं म्हणून सकाळी आठलाच वर पोचलो. इतक्या सकाळी त्या घरी मी कधी गेलोच नव्हतो.

द्वारकाआय ओट्यावर बसली होती. सीताराम तिच्या मागे बसून तिचे केस विंचरत होता. मला वाटलं होतं तिला माझी ओळख पटायची नाही. गेली तीन-चार वर्षं पालखीबरोबर मी तिला बघत आलो होतो, दाराशी टेकवून बसवलेली, डोळे उघडे आणि समोर कुणी नसल्यासारखी. आणि ती मला बघून म्हणाली, "वामन्या नव्हं तू? बस. तुझी आय माझ्यापाशी शेवया करायला यायची."

मी बसलो. ती अर्धा तास बोलत होती. माझ्या आईचा हात, माझ्या बापाचा तापट स्वभाव, आम्ही दोघांनी शाळा बुडवून नदीवर काढलेला दिवस, सगळं तिला जसंच्या तसं आठवत होतं. मग मी पालखीचं काढलं. "देवी येते तवा मी नसते रे," ती म्हणाली. "मला तिला एक सांगायचं हाय. सकाळपास्नं धरून ठेवते. दुपार झाली का हातातनं निसटतं. ती येऊन जाते आन मी नुसती बघत ऱ्हाते."

काय सांगायचंय, मी विचारलं. ते देवीलाच सांगीन, म्हणाली.

सीतारामने मला अंगणाच्या कडेला नेलं. आजार चार-पाच वर्षांचा आहे, महाडच्या डॉक्टरांनी काही होण्यासारखं नाही असं सांगितलंय, हे त्याने आरशाची धूळ पुसल्यासारख्या आवाजात सांगितलं. सकाळी ती असते, दुपारनंतर नसते. आता सकाळही आखूड होत चाललीय. म्हणून सकाळ तो कुणाला देत नाही. गेले पाच दिवस तर ती नऊ-साडेनऊपर्यंतच होती.

मी त्याच्यावर भडकलो. गावकीत हे सरळ सांगायचं सोडून तीन वर्षं काचेच्या वाटा कशाला सांगत बसलास, असं विचारलं.

"आयनं शपथ घातलीय," तो म्हणाला. "माझ्यासाठी देवीला वाट मोडायला लावू नको म्हनून. आन दया म्हनून एक साल आले असते, पुढच्या साली परत जुनं. नियमच बदलला असता तर कुनाचे उपकार ऱ्हायले नसते." तो पुढे म्हणाला, "ती काय सांगनार ते मला नाय ठाऊक. माझा धाकटा भाऊ लहानपनी नदीत गेला, त्याचंच काय असंल. आजवर त्याचं नाव तिनं काढलं नाय. ते एकदा बोलली तर मोकळी होईल."

मी अंगणात उभा राहून खाली बघत होतो. तिथून सहाण दिसते आणि सहाणेवरून सरळ वर येणारी पायवाटही. कारकुनाच्या डोक्याला कधी कधी साधी गोष्ट सुचते. मी म्हटलं, "सीताराम, उलटी कशाला फिरवायची? पालखी वाजंत्री न लावता ह्या पायवाटेने गुपचूप वर आणायची आणि फेरा तुझ्या घरापासून धरायचा. उजव्या हातानेच. गुरवबुवा काय बोलतील?"

तो मटकन पायरीवर बसला. "मॅडम सांगायच्या," तो म्हणाला, "दिशेइतकंच सुरुवात कुठनं करता त्यावरपन असतं. चांगल्या जागेवरनं सुरू केला तर निकाल येगळा येतो. ह्याच्यावर तर आम्ही साताठ महिने काम केलेलं. मी पार इसरलो, वामन. तीन सालं दिशाच धरून बसलो." तेहतीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेला माणूस त्या पायरीवर बसून डोकं धरून होता आणि मला हसूही येईना.

गावकीत मी प्रकाशाचं नावही काढलं नाही. उन्हाळा वाढलाय, वरची चढण सकाळच्या गारव्यात झाली तर भोयांना बरं, दरवर्षी वेगळ्या वाडीतून सुरुवात केली तर सगळ्यांनाच बरं, एवढं बोललो. उठताना सहाणेवरचा पहिला नारळ पाटलांचाच राहील, हेही सांगितलं. पाटलांनी मान हलवली. गुरवबुवांनी फेरा उजवाच ना, एवढं विचारून घेतलं. पाच मिनिटांत ठराव झाला. सीताराम कोपऱ्यात बसून होता.

शिमग्याच्या दिवशी आठच्या आत पालखी वरच्या घराच्या अंगणात आली. अख्खं गाव मागे होतं, चाकरमानी धरून. खालूबाजा वाजला तो असा की समोरच्या डोंगरातून परत ऐकू आला. द्वारकाआय ओट्यावर बसली होती, धुतलेलं पातळ, मांडीवर नारळ. ती होती. डोळ्यांत बघितल्याबरोबर कळत होतं.

गुरवबुवा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे गुरव घराच्या वतीने देवीला मागणं घालतो आणि भोवतीच्या सगळ्यांनी 'होय' म्हणायचं असतं. गावाने होय म्हटलं की ते मागणं एकट्या घराचं राहत नाही, गावाचं होतं. बुवांनी पोराबाळांना सुखी ठेव म्हणून नेहमीची सुरुवात केली, तोच तिने हात वर केला. "थांब रे बाबा. माझं मी सांगते."

वाजंत्री थांबली होतीच. लोकही थांबले.

"आई काळकाई," ती म्हणाली, आवाज बारीक पण स्वच्छ, "मला माझ्यासाठी काय नको. ह्यो माझा सीताराम माझ्यापायी एकटा ऱ्हायला. त्याला दोन चांगल्या सोयरिकी आल्या हुत्या. दोन्ही मी मोडल्या. मुंबईला बिऱ्हाड करील आन मला इसरंल, म्हनून मोडल्या. त्याला सांगितलं, पोरीकडचेच नाय म्हनतात. त्याचं पाप माझ्या पदरी घाल. पन माझ्यामागं संध्याकाळचं त्याच्या ओट्यावर कोनतरी बसायला येऊ दे."

 सीताराम तिच्या शेजारी उभा होता. धाकट्या भावाचं नाव ऐकायला म्हणून तो तीन वर्षं झगडला होता. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. बुवांनाही होय म्हणायला वेळ लागला. मग ते म्हणाले, आणि त्यांच्यामागून सगळं गाव म्हणालं. मीही म्हणालो.

 सीतारामने वाकून तिच्या मांडीवरचा नारळ बुवांच्या हाती दिला, तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाला, "आये, ऊन अंगावर येतंय. आत चल." तिला धरून तो आत घेऊन गेला. पालखी पुढच्या घराकडे उतरली.

श्रावणात द्वारकाआय गेली. दिवस झाल्यावर एका संध्याकाळी मी वर गेलो होतो. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर मी धीर करून त्या सोयरिकींचं काढलं. तुला कधी संशय आला नव्हता का, म्हणालो.

"एक ठाऊक हुती," सीताराम म्हणाला. "तुडील गावची. तिच्या भावानंच मला मुंबईत गाठून सांगितलं हुतं, तुझी आय नाय म्हनाली म्हनून. मी आयला कधी दाखवलं नाय." चहाचा कप त्याने बराच वेळ हातात फिरवला. "दुसरी नव्हती ठाऊक. कोन ते इचारावं म्हनून रोज सकाळी मनात यायचं. पन ती हसत उठायची. मग म्हनायचो, उद्या इचारू."

त्या शिमग्याला त्याच्या अंगणात होय म्हणणारे आम्ही शंभर-दीडशे तरी असू. संध्याकाळी वर जातो तो मी एकटा, आणि माझेही आठवड्यातून तीन-चार खाडे होतात, कधी गुडघा दुखतो, कधी नुसता कंटाळा. मी गेलो नाही त्या दिवशीही तो ओट्यावर दोन कप मांडतो, हे मला मागाहून कळलं.